आठ कलांचा फरक : सूर्यमालेच्या ज्ञानाची वाटचाल

सूर्य पूर्वेला उगवतो व पश्चिमेला मावळतो, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. त्यामुळे पृथ्वी स्थिर असून सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे प्राचीन मानवाला वाटले यात नवल नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने याच कल्पनेवर ग्रहगणिताची रचना केली आणि ती सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानली गेली. ती इतकी टिकली याचे कारण केवळ रूढी नव्हे. तिच्या आधारे ग्रहांची स्थाने बऱ्याच अंशी बरोबर वर्तविता येत असत. मग ती ढळली कशी? गणित आणि प्रत्यक्ष वेध यांच्यातील लहानशा फरकांत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

दृष्टीशी जुळणारे गणित

आपल्या देशात आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असे प्रतिपादन केले. ग्रहणे ही चंद्राच्या व पृथ्वीच्या छायेमुळे घडतात, हेही त्याने स्पष्ट केले. पृथ्वीच्या भ्रमणाचे त्याचे मत मात्र ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञालाही मान्य झाले नाही. पुढे केरळातील परमेश्वर या ज्योतिर्विदाने अनेक दशके ग्रहणांचे वेध घेतले. जुन्या गणिताने येणारी वेळ आणि आकाशात दिसणारी वेळ जुळत नाही, असे आढळताच त्याने वेधांना दोष दिला नाही, तर गणित सुधारले. इ. स. १४३१ मधील त्याच्या या पद्धतीचे नाव ‘दृग्गणित’, म्हणजे दृष्टीशी जुळणारे गणित, असे आहे.

वर्तुळाचा मोह सुटला

युरोपात १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने पृथ्वीला ग्रहांच्या पंक्तीत बसविले. पण ग्रहांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे, ही जुनी समजूत त्यानेही सोडली नाही. त्यानंतर डेन्मार्कच्या टायको ब्राहेने दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, केवळ डोळ्यांनी व मोठ्या कोनमापक यंत्रांच्या साहाय्याने ग्रहांच्या अचूक नोंदी केल्या.

या नोंदी योहानेस केप्लरच्या हाती आल्या. मंगळाची कक्षा वर्तुळाकार मानून त्याने दीर्घकाळ आकडेमोड केली, तरी गणित व वेध यांत ८ कलांचा फरक उरलाच. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. पूर्णचंद्राचे बिंब आपल्याला सुमारे ३० कलांचे दिसते, यावरून हा फरक किती अल्प होता, हे ध्यानात येईल. दुसऱ्या एखाद्याने तो नजरेआड केला असता. परंतु टायकोच्या मापनात एवढी चूक संभवत नाही, अशी केप्लरची खात्री होती. म्हणून त्याने आपलीच मेहनत बाजूला सारली आणि ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात, हा निष्कर्ष १६०९ मध्ये जाहीर केला. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसले. ग्रह असे का फिरतात, याचे कारण १६८७ मध्ये न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने दिले.

फरक तोच, उत्तरे निराळी

१७८१ मध्ये विल्यम हर्शेलने युरेनसचा शोध लावला. कालांतराने हा ग्रह गणिताने ठरविलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, असे आढळले. पलीकडील एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असे मानून फ्रान्सच्या ल व्हेरिए याने त्या ग्रहाचे स्थान काढले. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या स्थानापासून एका अंशाच्या आतच सापडला.

बुधाच्या गतीतही असाच फरक होता. आजच्या मापनानुसार तो शतकाला अवघा ४३ विकला, म्हणजे एका कलेहूनही कमी आहे. ल व्हेरिएने येथेही अज्ञात ग्रहाची कल्पना केली. पण तसा ग्रह कधीच सापडला नाही. त्या फरकाचा उलगडा १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने केला. पहिल्या वेळी नवा ग्रह मिळाला, तर दुसऱ्या वेळी गुरुत्वाकर्षणाची कल्पनाच बदलावी लागली. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रहांत गणण्यात आले, तेही त्याच्यासारख्या इतर पिंडांचा शोध लागल्यामुळेच.

शाळेच्या अंगणात

ही वाटचाल विद्यार्थ्यांना केवळ पाठ करावयास लावू नये; तिचा अनुभव द्यावा. मैदानात एक सरळ काठी उभी रोवावी आणि दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी मोजावी. सूर्याकडे मात्र थेट पाहू नये. सावली सर्वांत आखूड घड्याळाच्या बारा वाजता होईल, अशी मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात मुंबईत तो क्षण सरासरीने सुमारे ३९ मिनिटे, तर नागपूरला सुमारे १४ मिनिटे उशिरा येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरविलेली आहे आणि ही दोन्ही शहरे त्याच्या पश्चिमेस आहेत, हे त्याचे मुख्य कारण होय.

एखाद्या मुलाने वहीत ‘बारा’ऐवजी ‘साडेबारानंतर’ असे लिहिले, तर ते खोडण्याची घाई शिक्षकांनी करू नये. असे का झाले, एवढेच त्याला विचारावे. केप्लरनेही त्या आठ कलांविषयी हाच प्रश्न विचारला होता.