तिसऱ्या घंटेनंतर

नाटकात अधिकार कोणाचा, हा प्रश्न स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तर ठरलेले असते : राजाचे काम करणाऱ्याचा!

इतिहासाचा विद्यार्थी या उत्तराला हसणार नाही. तमाशाचा फड सरदाराच्या नावाने ओळखला जाई. ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाड्या, नाच्या हे सारे त्याच्या शब्दात असत. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर नाटक लिहीत, बसवीत आणि त्यात कामही करीत. सत्ता एका हाती एकवटलेली होती.

आंबेडकरी जलशाने या व्यवस्थेला वेगळाच प्रश्न विचारला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साचा तमाशाचाच घेतला. परंतु गणातील देवस्तवन आणि गौळणीतील शृंगार बाजूला सारून तेथे बाबासाहेबांचा विचार आणला. इतरांच्या करमणुकीसाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ढोलकी वाजविली, त्यांनी मंचावर काय बोलावयाचे हे स्वतः ठरविले. आमच्या मते सरदार कोण, यापेक्षा हा बदल मोठा होता.

आजच्या नाट्यप्रयोगात कामे विभागलेली असतात. निर्माता पैसा उभा करतो, लेखक संहिता देतो, नेपथ्य, प्रकाश व संगीत यांचे जाणकार वेगळे असतात. तालमीत शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा. मात्र प्रयोगाच्या वेळी तो प्रेक्षागृहात बसतो आणि सूत्रे रंगमंच व्यवस्थापकाकडे जातात. त्याच्याजवळील संहितेच्या प्रतीवर प्रत्येक प्रवेश, दिव्यांचा प्रत्येक बदल, पडद्याची वेळ टिपलेली असते. तिसऱ्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत तो खूण करील तेव्हाच दिवा लागतो. प्रेक्षकांना त्याचे तोंडही दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी महाडच्या सत्याग्रहावर आम्ही एक नाटिका बसविली. हे काम नववीतील एका विद्यार्थ्याकडे दिले. तो बोलताना अडखळत असे, म्हणून त्याला भूमिका दिली नव्हती. (अशा मुलांना पडद्यामागे धाडणे ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड आहे, ते काम हलके नव्हे, हे आम्हालाही नंतरच उमगले.) प्रमुख पाहुणे उशिरा पोहोचले, तेव्हा दुसरा प्रवेश सुरू होता. प्रयोग थांबवून त्यांचा सत्कार उरकावा, असे आम्ही स्वतः विंगेत जाऊन त्याला सांगितले.

त्याने मान हलविली. “सर, तिसरी घंटा झाली आहे.” एवढे वाक्य पुरे करावयास त्याला बराच वेळ लागला. तेवढ्यात पुढच्या बदलाची वेळ आली. आमच्याकडे पाठ करून त्याने दिव्यांजवळील मुलाला हात दाखविला.

आम्ही विंगेतून बाहेर आलो. पाहुण्यांचा सत्कार नाटिका संपल्यावर झाला.