हिरवा हायड्रोजन : आधी हिशोब, मग उडी



अलीकडे गटसभांतून एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, आपला कारखाना वीज करतो, इथेनॉल करतो, मग हायड्रोजन का करत नाही?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचा हिशोबच मांडतो.

हायड्रोजन आपल्याला परका नाही. हवेतला नत्र आणि हायड्रोजन एकत्र करून अमोनिया होतो व अमोनियापासून युरिया. आज हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात. तोच ऊन-वाऱ्याच्या विजेवर पाणी फोडून काढला, की त्याला हिरवा हायड्रोजन म्हणायचे.

पाणी फोडणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. १ किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर शुद्ध पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिट ५ रुपये धरले, तर नुसत्या विजेचेच २५० ते २७५ रुपये झाले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीतील नत्रासाठी सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे गोणीमागे विजेलाच अकराशे-बाराशे रुपये! आपल्याला ती गोणी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांना मिळते.

दुसरा खर्च यंत्राचा. गाळप १५० दिवस चालले तर व्याज आणि घसारा टनाला कमी बसतो. ९० दिवसांत पट्टा पडला तर तोच बोजा होतो. इथेही तसेच. १ मेगावॅटचे यंत्र नुसत्या उन्हावर दिवसाला ५ तास चालले तर सुमारे १०० किलो माल देईल. वारा व साठवलेली वीज जोडून २० तास चालवले तर ४०० किलो. व्याज दोन्हीकडे तेवढेच.

तिसरी गोष्ट गिऱ्हाईक. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०२५ मध्ये खत कारखान्यांसाठी झालेल्या पहिल्या लिलावात हिरव्या अमोनियाला किलोमागे ५५ रुपये ७५ पैसे दर निघाला. खरेदीचा करार १० वर्षांचा. खात्रीचा खरेदीदार असला की कर्जही सोपे होते.

मग आपण काय करावे? आमचे मत असे : ५० युनिट वीज विकून आज २५० रुपये रोख येत असतील, तर त्याच विजेच्या हायड्रोजनला २५० अधिक यंत्राचे व्याज, पाणी व दाबून भरण्याचा खर्च सुटला पाहिजे. तसा करार हाती येईपर्यंत वीज विकणेच शहाणपणाचे. मात्र आसवनीच्या आंबवण टाक्यांतून निघणारा कर्बवायू शुद्ध असतो आणि अमोनियाचा युरिया करताना तो लागतोच. ही आपली जमेची बाजू ध्यानात ठेवावी.

तोवर प्रत्येकाच्या हातात एक काम आहे. माती परीक्षण करून घ्या. युरिया फेकून न देता हप्त्याहप्त्याने, मातीआड करून द्या. वाचलेली एक गोणी म्हणजे न करावा लागलेला साडेचार किलो हायड्रोजन. एवढा स्वस्त हायड्रोजन कोणताही कारखाना देऊ शकणार नाही.

— ऊस विकास अधिकारी