आधी घोड्याचे कान बघ

पोरी, रविवारी महालक्ष्मीला घोड्यांच्या शोचे फोटो काढायला जाणार आहेस, असं तुझी आई सांगत होती. कॅमेऱ्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. घोड्यातलं मला कळतं, तेवढं सांगतो.

फोटो हातात आला की स्वार स्वतःला नंतर बघतो, आधी घोड्याला. म्हणून तूही आधी घोडा बघ, आणि घोड्यात कान. कान पुढे टवकारलेले असले की जनावर कसं उमदं दिसतं! तेच मागे मानेला चिकटले की चिडकं दिसतं. मग उजेड कितीही सुंदर असो, तो फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलीस तर मारवाडी घोडा समोरून टिप. त्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, ती बाजूने दिसत नाहीत.

मैदानावर लवकर पोच. उड्यांच्या स्पर्धेआधी स्वार आत चालत जाऊन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात, ते नीट बघ. प्रत्येक अडथळ्याला लाल आणि पांढरं निशाण असतं. उडी मारताना लाल निशाण स्वाराच्या उजव्या हाताला यावं लागतं. म्हणजे घोडा कुठल्या बाजूने येणार ते तुला आधीच कळलं. कँटरमध्ये मोठ्या घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची धरतात. दोन अडथळ्यांत ६० फूट असतील तर उतरायचे सहा, झेपेचे सहा, आणि मधे चार ढांगा. मनात मोजत राहा. चौथी पडली की घोडा उठलाच. पोनीची ढांग आखूड, तिथे हा हिशोब चालायचा नाही.

घोडा उतरतो त्या बाजूला, पण तिरकी उभी राहा. त्याच्या धावेच्या रेषेत कधीही नको. गुडघ्यावर बस, म्हणजे घोडा आभाळात उठलेला दिसेल आणि मागचे तंबू-गाड्या खाली जातील. फोकस आधीच दांड्यावर लावून ठेव, शटर १/१००० च्या खाली आणू नकोस. पुढचे गुडघे छातीशी दुमडलेले, मान पुढे ताणलेली, पाठीला कमान, स्वाराची नजर पुढच्या अडथळ्यावर: हवा तो क्षण हाच. तो डोळ्यांना दिसल्यावर बोट दाबशील तर उशीर झालेला असेल. पुढचे पाय जमीन सोडतात तेव्हाच दाब. धडाधड दहा फोटो काढायची सोय असते खरी, पण नेमका क्षण दोन फोटोंच्या मधेच निसटतो.

दुडक्या चालीत तिरके पाय जोडीने पडतात. दोन्ही जोड्या पुरत्या फाकलेल्या असतानाच टिप, नाहीतर घोडा अडखळल्यासारखा वाटतो. उभ्या घोड्याच्या अगदी जवळ जाऊन मोबाइलने काढू नकोस, डोकं मोठं आणि मागचं अंग खुजं येतं. लांबून, लांब लेन्सने काढ. चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत.

फ्लॅश नकोच. छत्री उघडायची नाही, पिशवी फडफडवायची नाही. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं दिसत नाही. तिथून आलीस तर लाथ बसेल आणि त्यात घोड्याचा काही दोष नसेल. कुणी पडलं तर कॅमेरा खाली घे. लहान स्वारांचे फोटो कुठे टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचार.

आणि मोतद्दाराला विसरू नकोस. पहाटे उठून घोड्याला खरारा तो करतो, आयाळ तो विंचरतो, स्वार खाली उतरला की लगाम त्याच्याच हातात येतो, आणि फोटोत मात्र तो कुठेच नसतो. त्याचा त्याच्या घोड्यासोबत एक चांगला फोटो काढ आणि कागदावर छापून त्याला नेऊन दे.