देवनागरी मजकूर आणि खुली मानके

दिल्लीतील आर. के. पुरम येथील केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये ‘परिवर्धित देवनागरी’ प्रसिद्ध केली. अन्य भारतीय भाषांतील विशिष्ट ध्वनी एकाच लिपीत लिहिता यावेत, हा तिचा हेतू होता. संगणकाच्या काळात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. लिपी एकच असूनही एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्यास वाचता येईना.

याचे कारण संकेतनात होते. जुन्या अनेक फाँटांत देवनागरी चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो फाँट जवळ नसला की मराठी वाक्याच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. १९९१ च्या इस्की मानकाने आणि त्याच वर्षीच्या युनिकोडने अक्षरालाच निश्चित क्रमांक दिला.

तथापि अक्षर टिकणे आणि पृष्ठ टिकणे या भिन्न गोष्टी होत. १९९३ मध्ये आलेली व २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली पीडीएफ पृष्ठाचे रूप राखते. परंतु जुन्या फाँटातील पीडीएफ डोळ्यांना वाचता आली, तरी तीत मराठी शब्द शोधता येत नाही. २००६ मध्ये मानक ठरलेले ओपन डॉक्युमेंट स्वरूप मजकूर संपादनासाठी खुला ठेवते. ते लिबरऑफिससारख्या मुक्त प्रणालीत विनामूल्य उघडते.

म्हणून प्रबंध, कोश व संहिता युनिकोडमध्ये आणि या दोन्ही स्वरूपांत जतन करणे इष्ट ठरते. खुल्या मानकाचा लाभ केवळ काटकसरीचा नाही. त्याची रचना जाहीर असल्याने मूळ प्रणाली लोपली, तरी वाचनाचे साधन पुन्हा घडविता येते.