वेबसाइट कशावर बांधायची? त्याआधी नाव कोणाच्या नावावर ते बघा



"आपल्या संस्थेची वेबसाइट कधी होणार?" असं आता तरुण पोरंच नाही, ट्रॉलरमालकही विचारतात. मासळी थेट हॉटेलवाल्याला विकली तर मधली दलाली वाचेल, हा त्यामागचा हिशोब. हिशोब चुकीचा नाही. पण वेबसाइट बांधून देतो म्हणून जो येतो, तो स्वतःला जे जमतं तेच आपल्या गळ्यात मारतो. म्हणून आधी आपण थोडं समजून घेऊया.

वेबसाइटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. डोमेन, म्हणजे तिचं नाव, डॉट इन किंवा डॉट कॉम लागतं ते. होस्टिंग, म्हणजे ती ठेवायची जागा, भाड्याची. आणि प्लॅटफॉर्म, म्हणजे ती ज्याच्यावर बांधतात ते. होडी तयार फायबरची घेता येते किंवा सुताराकडून फळी जोडून करून घेता येते, तसंच हे आहे.

आता मुख्य प्रश्न, वेबसाइट कशाला हवी? संस्थेचा पत्ता, फोन, बर्फ-डिझेलची सोय, सभेच्या सूचना एवढंच दाखवायचं असेल तर गूगल साइट्स पुरे. फुकट आहे, मोबाइल वापरता येणाऱ्या कोणालाही दोन दिवसांत जमेल, आणि त्याला आपलं स्वतःचं डोमेन जोडता येतं. दुकान मात्र त्यावर चालत नाही.

ताज्या मासळीचं म्हणाल तर तिच्यासाठी ऑनलाइन दुकान काढायची घाई नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. सकाळी जाळ्यात बांगडा येईल की तारली, हे आदल्या रात्री कोण सांगणार? वेबसाइटवर विसवण दिसते, गिऱ्हाईक पैसे भरतं आणि होडी रिकामी येते. मग पैसे परत करण्यातच दिवस जातो. एकट्या होडीवाल्याला व्हॉट्सअॅप बिझनेस आणि गूगल मॅपवरची नोंद एवढं सध्या बास. दोन्ही फुकट आहेत.

सुक्या मासळीचं वेगळं. सुके बांगडे, सुकी सुंगटां टिकतात, वजन करून पाकिटात भरता येतात, कुरियरने जातात. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा घरात येणारा पैसा हाच, आणि पुरुमेताच्या आधी मागणीही असते. बायकांच्या गटांनी सुकवलेला माल विकायला खरं दुकान लागेल. त्यासाठी दोन वाटा आहेत.

एक शॉपिफाय. कॅनडाची कंपनी आहे, दुकान तयार मिळतं, देखभाल तेच बघतात. पण भाडं दर महिन्याला, विक्री होवो न होवो. शिवाय त्यांची स्वतःची पैसे घेण्याची सोय भारतात नाही. दुसऱ्याची जोडावी लागते. ती कंपनी आपलं कमिशन घेते आणि शॉपिफायही वर टक्के लावतं. कमी नफ्याच्या मालाला हे टोचतं.

दुसरी वाट वर्डप्रेस. २००३ पासून आहे, सॉफ्टवेअर फुकट, आणि वूकॉमर्स नावाचा जोड लावला की दुकान होतं. इथे भाडं फक्त होस्टिंगचं. पण वेळोवेळी अपडेट करावं लागतं. नाही केलं तर चोर घुसतात. होडीचा तळ खरवडून रंग लावला नाही तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे हे काम करणारं माणूस नक्की असेल तरच वर्डप्रेस. एक लक्षात ठेवा, वर्डप्रेस डॉट कॉम ही भाडं घेऊन साइट ठेवणारी कंपनी आहे. फुकट सॉफ्टवेअर मिळतं ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवर. सौदा करताना कुठलं ते विचारा.

विक्सही दिसायला छान आणि सोपं आहे. पण त्यावर बांधलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सोडायचं झालं तर पहिल्यापासून बांधा. फुकटच्या योजनेत तर त्यांची जाहिरात आणि पत्त्यात त्यांचंच नाव. आम्ही तरी ते घेणार नाही.

हे नेण्या-आणण्याचं एवढं का सांगतो? गूगलने छोट्या धंदेवाल्यांना बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता पाट्यांवर, बिलांवर छापला होता त्यांचा पत्ता गेला. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसऱ्या साइटला जोडलं, गिऱ्हाइकाला तोच पत्ता राहिला. गूगल साइट्सचंही उद्या तसं होऊ शकतं, म्हणून फुकट साइट घेतली तरी डोमेन विकतचंच घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च. पहिल्या वर्षी स्वस्त दाखवतात, दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारून घ्या.

आणि ते डोमेन कोणाच्या नावावर? बहुतेक ठिकाणी साइट बनवणारा पोरगा स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डने घेतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. मग तो बोटीवर नोकरीला परदेशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर पडून राहते, मुदत संपते आणि नाव तिसराच कोणीतरी उचलतो. होडीची नोंदणी आपण खलाशाच्या नावावर करतो का? डोमेन संस्थेच्या नावावर, ईमेल संस्थेचा, पासवर्ड सचिव आणि अध्यक्ष दोघांकडे, आणि नूतनीकरणाची तारीख नोंदवहीत. पैसे जमा होणारं खातंही संस्थेचंच.

मजकुराबद्दल थोडंसं. मराठी युनिकोडमध्येच टाईप करायला सांगा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर उचलून टाकला तर मोबाइलवर भलतीच अक्षरं दिसतात. भावाचा तक्ता फोटो काढून टाकला तर तो शोधात सापडत नाही. आणि मासळीची दोन्ही नावं लिहा. आपण विसवण म्हणतो, बाहेरचं गिऱ्हाईक सुरमई म्हणूनच शोधतं.

संस्थेपुरतं आमच्या समितीला असं वाटतं की आधी डोमेन घ्यावं, त्यावर गूगल साइट्सची साधी साइट करावी, आणि सुक्या मासळीच्या ऑर्डर एक हंगाम व्हॉट्सअॅपवर घेऊन बघाव्यात. ऑर्डर सांभाळता येईनाशा झाल्या की त्याच नावावर वर्डप्रेसचं दुकान काढता येईल. डोमेनसाठी नाव सुचवायचं असेल तर खाली लिहा. छोटं असू दे, आणि फोनवर सांगितलं तरी समोरच्याला लिहिता आलं पाहिजे.

– सचिव, समितीच्या वतीने