तुझ्या लाल चित्राविषयी

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव

चि. बाळी,

चित्राचा फोटो पाहिला. कॅनव्हासभर लाल-काळे फटकारे, मध्येच बोटांनी ओढलेला रंग. सरांनी ‘रचना नाही’ म्हटलं म्हणून तू रुसलीस. भावनेच्या चित्राला रचना कशाला, असं विचारतेस. मला सरांचं पटतं.

हेच चित्रकार सय्यद हैदर रझांनाही ऐकावं लागलं होतं. १९४८ साली काश्मीरमध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं त्यांची चित्रं पाहून सांगितलं, की हात चांगला आहे, बांधणी नाही, सेझानची चित्रं बघ. तेव्हा रझा काही नवखे नव्हते. नागपुरात, मुंबईत शिकून झालं होतं, सूझा-हुसेन-गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला होता. तरी १९५० मध्ये पॅरिसला जाऊन ते पुन्हा विद्यार्थी झाले.

तुझं हे अ‍ॅक्रिलिक त्यांनी हाती धरलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. १९६२ साली बर्कलेला शिकवायला गेले, तिथे रॉथ्कोसारख्यांची चित्रं पाहिली, आणि हळूहळू तेलरंग मागे पडला. ‘तपोवन’ १९७२चं, ‘ला तेर’ १९७३चं, दोन्ही अ‍ॅक्रिलिक. ‘ला तेर’मध्ये काळ्यातून लाल उजेड फुटतो. ओळखू येईल असं झाड एकही नाही, तरी मंडल्याच्या जंगलातली रात्र दिसते. रझांचे वडील वनखात्यात, पोराचं लहानपण तिथलंच. त्या रात्रीची भीती रंगात यायला तीस-चाळीस वर्षं लागली. तुला एका रविवारी हवी आहे!

आता रंगाचं. अ‍ॅक्रिलिक झटपट सुकतं, नागपूरच्या मे महिन्यात तर पॅलेटवरच. सुकल्यावर किंचित गडद होतं आणि पुन्हा भिजत नाही. तेलरंगासारखं ओल्यात ओलं मिसळत बसशील तर नुसता चिखल होईल. थरावर थर दे. खालचा वर येत नाही, हा त्याचा मोठा गुण. ब्रश मात्र लगेच धू.

तुझा लाल सरळ ट्यूबमधून आलाय. इथे मिरची वाळत घालतात तेव्हा नीट बघ: ताजी वेगळी, सुरकुतलेली तपकिरीकडे झुकलेली, ढिगाच्या सावलीतली जवळजवळ जांभळी. आधी त्याचे छोटे अभ्यास कर, मग मोठा कॅनव्हास. आणि बिंदू काढू नकोस, तो रझांचा. चंचल पोराला शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवलं होतं, तिथून तो आला.

एक राहिलंच. रझा काही काळ आपल्या गोंदियात ड्रॉइंग मास्तर होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोचेपर्यंत प्रवेश बंद झालेले, शिष्यवृत्तीही गेली. गडी परतला नाही. ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी धरली, पुढे जे. जे.त शिकलाच. तू मात्र शिष्यवृत्तीचा फॉर्म मुदतीत भर. त्यांचा उशीर निभावला, तुझा तुझी आई निभावू द्यायची नाही.

तुझा,
मामा