पाटी आणि मोबाइल

पाटीवरील रेघ ओल्या फडक्याने पुसली, की नाहीशी होते. मोबाइलवर लिहिलेल्या शब्दाचे तसे नाही. आपण तो पुसण्यापूर्वीच कोणी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, तर तो आपल्या हातचा गेलाच म्हणायचा!

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने २०१७ साली प्रवेशासाठी निवडलेल्या काही विद्यार्थ्यांनी फेसबुकवर एक खाजगी गट केला आणि दुसऱ्यांच्या दुःखाची क्रूर थट्टा करणारी चित्रे ते त्यात टाकू लागले. आपल्याखेरीज ती कोण पाहणार, असे त्यांना वाटले असावे. परंतु मुलांनो, अशा बंद दाराची किल्ली गटातील प्रत्येकाजवळ असते. ती चित्रे विद्यापीठाला कळली आणि निदान दहा जणांची निवड रद्द झाली. त्यांचे परीक्षेतील गुण होते तेवढेच होते. विद्यापीठाचे त्यांच्याविषयीचे मत तेवढे बदलले होते.